तळे, वेस आणि घरची सून

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या मंडळाचा पहिला गणपती बसला, त्या काळी येलहंका हे बंगळूरचे उपनगर नव्हते. बंगळूरच्या उत्तरेस असलेले ते एक स्वतंत्र गाव होते, आणि २००७ साली ते महानगरपालिकेत समाविष्ट होईपर्यंत त्याचा कारभारही स्वतंत्रच होता. कोणी वायुदलाच्या तळावर, कोणी १९८४ साली सुरू झालेल्या रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यात, तर कोणी अलीकडच्या संगणक कंपन्यांत नोकरीनिमित्त आले आणि येथलेच झाले. येताना आपण सामानाबरोबर देव आणले, फराळाचे साचे आणले, पंचांग आणले. परंतु न बांधताच बरोबर आलेली आणखी एक वस्तू होती, ती म्हणजे आपापल्या गावची भये. भर दुपारी पिंपळाखाली जाऊ नये, तेथे मुंजा असतो. अमावास्येच्या रात्री रान तुडवू नये, चकवा लागतो. विहिरीच्या काठी आसरा असतात, तेथे पोरांना एकटे सोडू नये. या गोष्टी आपणांस कोणी मुद्दाम शिकविल्या नाहीत, तरी त्या आपणांस पाठ आहेत.

कानडी मुलुखात या भयांना निराळी नावे होती, एवढेच. ती नावे जसजशी कळत गेली, तसतसा आम्हांला एक प्रश्न पडू लागला. जे कळत नाही त्याचे भय माणसाला वाटणारच; पण त्या भयाची किंमत कोणी द्यायची, हे लोककथा कशी ठरवते? प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा यत्न केला आहे.

प्रसंग साधाच होता. श्रावणातील शुद्ध सप्तमी होती. पाऊस चांगला झाल्याने येलहंक्याचे तळे भरले होते. शेजारच्या अज्जी आमच्या घरी आल्या असताना आमच्या घरातील वडीलधाऱ्या बाई शिळासप्तमीची कहाणी वाचीत होत्या. अज्जींना मराठी येत नसे. त्यांच्यासाठी आम्ही कहाणीचा मथितार्थ मोडक्या कानडीत सांगितला. तो ऐकून त्या म्हणाल्या, ‘ही तर आमचीच गोष्ट, पण तुमच्या गोष्टीचा शेवट कोणी तरी बदललेला दिसतो.’

आपली कहाणी वाचकांस ठाऊक आहेच. आटपाट नगरात राजाने तळे बांधविले, पण त्याला पाणी लागेना. जलदेवतांची प्रार्थना केली, तेव्हा त्यांनी राजाच्या सुनेचा थोरला मुलगा बळी मागितला. सुनेजवळ ही गोष्ट काढायची कशी? तेव्हा तिला माहेरी पाठविण्यात आले आणि तिच्या पाठीमागे मुलाला न्हाऊमाखू घालून, दागिने घालून, जेवू घालून तळ्यात नेऊन ठेवले. पाणी आले. पुढे सून माहेराहून परतताना तळे भरलेले पाहते. त्या दिवशी सप्तमी आहे हे तिला आठवते, ती काठावर काकडीच्या पानावर दहीभाताचा नैवेद्य दाखवून मनोभावे पूजा करते, आणि पाण्यातून तिचा मुलगा तिला परत मिळतो.

अज्जींची गोष्ट म्हणजे कन्नड लोकसाहित्यातील ‘केरेगे हार’ हे विख्यात कथागीत, अर्थात ‘तळ्याला आहुती’. कल्लनकेरीच्या मल्लनगौडाने तळे खणविले. त्यालाही पाणी लागेना. पोथी पाहणाऱ्याने सांगितले की, घरच्या सुनेची आहुती द्यावी लागेल. थोरल्या सुनांना सोडून धाकटी भागीरथी निवडली गेली. तिला कोणी स्पष्ट सांगत नाही, पण ती समजते. माहेरी जाऊन येते, तेथेही मनातले बोलत नाही. घरच्यांबरोबर तळ्यावर जाऊन पूजा करते. परतीच्या वाटेवर सोन्याची वाटी तळ्यात राहिल्याचे निमित्त होते, आणि ती आणण्यासाठी भागीरथीच माघारी जाते. पायरीगणिक पाणी चढत जाते आणि तिला पोटात घेते. फौजेत असलेला तिचा नवरा मादेवराय अशुभ स्वप्न पडून घरी धावत येतो, खरे काय ते कळताच त्याच तळ्यात उडी घेतो. येथे परत कोणीच येत नाही.

दोन भाषांतील या दोन कथा एकाच मातीतून उगवल्या आहेत, आणि ती माती कोणती हे पाहण्यासाठी बंगळूरचा भूगोल ध्यानी घेतला पाहिजे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर, पाणलोटाच्या माथ्यावर वसले आहे. पश्चिमेकडे पडलेला पाऊस अर्कावतीमार्गे कावेरीला मिळतो, पूर्वेकडचा दक्षिण पिनाकिनीकडे वाहून जातो. बारमाही मोठी नदी शहराजवळ नाही. म्हणून येथल्या प्रत्येक राजवटीने सखल जागी बांध घालून पावसाचे पाणी अडविले. येलहंक्याच्या नाडप्रभूंच्या घराण्यातील पहिल्या केंपेगौडाने १५३७ साली येथून दक्षिणेस जाऊन बंगळूरचा कोट उभारला. शहराच्या जुन्या तळ्यांपैकी केंपांबुधी आणि धर्मांबुधी ही त्याच्या नावाशी निगडित आहेत. गावी जाण्यासाठी आपण मॅजेस्टिकच्या ज्या बसस्थानकावर सामान घेऊन उभे राहतो, ती धर्मांबुधी तळ्याचीच कोरडी पडलेली जमीन होय.

तळ्याला पाणी का लागत नाही, याची कारणे आज कोणताही स्थापत्यशास्त्रज्ञ सांगेल. पाणलोट क्षेत्र अपुरे असते. तळची जमीन मुरमाड असून पाणी झिरपून जाते. बांधाच्या पोटात चिकणमाती नीट ठोकलेली नसते. पाणी सोडण्याच्या मोरीच्या कडेने गळती लागते आणि एका रात्रीत बांध फुटतो. ज्यांनी ही तळी बांधली त्या वड्डर आणि इतर कारागिरांना यातील बरेच अनुभवाने ठाऊक होते. पण अनुभवाच्या पलीकडे काही उरतेच. सगळे नीट करूनही एखादे वर्ष पाऊस हुलकावणी देतो. बांध फुटला म्हणजे केवळ श्रम वाया जात नसत, खालच्या शेतांचे पीक आणि माणसे जात. गावाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर कोणाजवळच नाही, अशी ती अवस्था. अशा वेळी मन त्या अज्ञाताला चेहरा देते. चेहरा दिला की त्याला मागणे असते, आणि मागणे असले की सौदा करता येतो. ‘पाणी का येत नाही ते कळत नाही’ यापेक्षा ‘देवतेला माणूस हवे आहे’ हे वाक्य भयंकर असूनही सोसण्याजोगे वाटते, कारण त्यात निदान काय करायचे ते सांगितलेले असते.

हीच रीत दगडमातीच्या बांधकामालाही लागू झालेली दिसते. केंपेगौडाच्या कोटाविषयी बंगळुरात एक आख्यायिका सांगतात. कोटाची एक वेस दिवसा बांधावी आणि रात्री ढासळावी, असे होऊ लागले. गर्भवती स्त्रीचा बळी दिल्यावाचून ती उभी राहणार नाही, असा कौल मिळाला. केंपेगौडाने ते मानले नाही. तेव्हा त्याची गर्भवती सून लक्ष्मीदेवी हिने रात्री एकटीने जाऊन वेशीपाशी आत्मबलिदान केले आणि वेस उभी राहिली. कोरमंगल भागात तिची समाधी व देऊळ आजही आहे. तो मूळचा कोट मातीचा होता आणि मातीची भिंत पावसाळ्यात बसते, हे कारण आपल्याला आज पुरेसे वाटते. परंतु त्या काळच्या मनाला ते पुरे पडले नसावे.

महाराष्ट्रात तर पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची कथा प्रसिद्धच आहे. बेदरच्या बादशाहीच्या काळी हा बुरूज बांधताना पुन्हा पुन्हा खचू लागला. थोरला मुलगा आणि त्याची बायको यांना पायात जिवंत गाडल्यास बुरूज टिकेल, असा दृष्टांत झाला. तेव्हा बहिर्नाक सोननाक या महाराने आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना दिले आणि मोबदल्यात त्याच्या घराण्याला वतन मिळाले, असे परंपरा सांगते. येथे सुनेबरोबर आणखी एक गोष्ट उघड होते. किल्ला बादशहाचा, पण पायात गेलेली माणसे गावकुसाबाहेरची.

हे केवळ आपल्याकडचे आहे असेही नाही. सर्बियातील वुक कराजिच यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी संग्रहित केलेल्या लोकगीतांत स्कादरच्या किल्ल्याचे गीत आहे. तिघे भाऊ किल्ला बांधतात, रात्री अदृश्य शक्ती तो पाडते, आणि अखेर दुपारचे जेवण घेऊन येणारी धाकटी जाऊ भिंतीत चिणली जाते. ग्रीसमधील आर्टा येथील पुलाच्या गीतात मुख्य गवंड्याच्या पत्नीला तीच गत येते. हजारो कोसांवरच्या, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या लोकांनी एकाच जागी बोट ठेवावे, यात काही तरी अर्थ असला पाहिजे.

आमच्या मते तो अर्थ असा. या कथांतील बळी खरोखर दिले गेले की नाही, हे इतिहासाला बहुतेक ठिकाणी सिद्ध करता येणार नाही. पण कोणाचा बळी दिला गेला असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ते पटेल, हे मात्र या कथा निर्विवादपणे सांगतात. गावाचा मालक, घरचा कर्ता, पोथी पाहणारा, यांच्यापैकी कोणी तळ्यात जात नाही. जाते ती घरात असून बाहेरून आलेली, जिच्या बाजूने बोलायला त्या घरात कोणी नाही अशी सून. तिने स्वखुशीने प्राण दिला, असे कथा वारंवार बजावते. आणि इतक्या वेळा बजावावे लागते यातच सांगणाऱ्याच्या मनाची टोचणी दिसते. पुढे तिचे देऊळ होते, तिची ओटी भरली जाते. भय आणि अपराध, दोन्ही एकाच दगडाला शेंदूर लावून शांत केले जातात.

आणि एवढे करून वेस टिकली का? लक्ष्मीदेवीच्या कथेतील कोट उभा राहिल्यास १०१ वर्षे झाली तेव्हा, १६३८ साली, रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले. त्या फौजेत शहाजीराजे होते. बंगळूर त्यांची जहागीर झाले, आणि या शहराशी मराठ्यांचा जो संबंध आपण अभिमानाने सांगतो तो तेथून सुरू होतो. १६८७ साली मोगलांनी ते घेतले आणि नंतर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाखांना दिले. वेशीचे भवितव्य फौजा आणि तह यांनी ठरविले. जिने प्राण दिला असे म्हणतात तिचा त्यात काही उपयोग झाला नाही.

बांधकामांचे अज्ञात हळूहळू कमी झाले, तरी रोगाचे राहिले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता; पण तो पसरतो कसा, हे सरकारला ठाऊक नव्हते आणि रयतेलाही नव्हते. उंदरावरील पिसवांचा त्यात हात आहे, हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखविले ते १८९८ साली, आणि तेही मान्य व्हायला पुढे काही वर्षे गेली. मधल्या काळात ज्ञानाची जागा भयाने भरून काढली. इस्पितळात नेलेल्या माणसांना मारून त्यांच्यापासून मोमियाई काढतात, अशी वदंता उठली आणि १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. सरकारचे भयही काही कमी आंधळे नव्हते. घरे उघडी पाडणे, बायकामाणसांची तपासणी करणे, बाहेरगावच्या प्रवाशांना स्थानकावर अडकवून ठेवणे, हे त्याचेच प्रकार. रेल्वेच्या वाटेने १८९८ साली रोग बंगळुरास पोचला. आपल्याकडे मरीआईचा गाडा एका गावाने वेशीबाहेर काढून दुसऱ्याच्या हद्दीत ढकलावा, तर या भागात प्लेगच्या नावाचीच अम्मा देवळात बसली. मरीआई आणि मारियम्मा, एकीला ओळखणाऱ्याला दुसरीची ओळख करून द्यावी लागत नाही.

याच साथीत पुण्याजवळ एक निराळी गोष्ट घडली, आणि ती आख्यायिका नव्हे, इतिहास आहे. सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणवीत होत्या. एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी स्वतः तेथे नेले आणि त्यातच त्यांना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनाही त्या रोगाविषयी इतरांहून फारसे अधिक ठाऊक नव्हते. पण त्यांनी दुसऱ्या कोणाला पुढे ढकलले नाही. ज्याला सारे गाव टाळीत होते त्याच्याजवळ त्या स्वतः गेल्या. भागीरथी व देवकाई यांच्या पंक्तीत हे मरण बसविता येत नाही, कारण ते कोणी मागितले नव्हते आणि त्यामुळे एक मूल दवाखान्यात पोचले.

आता अगदी जवळच्या काळाकडे येऊ. १९९० च्या दशकात बंगळूरच्या काही वस्त्यांत आणि कर्नाटकातील खेड्यांत घरांच्या दारांवर खडूने वा कोळशाने ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहिलेले दिसू लागले. रात्री एक स्त्री घरच्याच कोणाच्या तरी आवाजात हाक मारते, ओ देऊन दार उघडणारा वाचत नाही, अशी बोलवा होती. दारावरची अक्षरे वाचून ती परत जाते, दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तीच अक्षरे वाचते. आपल्या वाण्याच्या दुकानातील ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीची ही सख्खी बहीण म्हणावी. पुढे २०१८ साली ‘स्त्री’ या हिंदी चित्रपटाने ही कल्पना देशभर नेली. येथेही भयाला बाईचाच चेहरा दिला गेला, हे खरे. परंतु या सौद्यात बळी कोणाचाच नाही. भुताला अक्षरओळख आहे असे मानणे, आणि त्याला हाकलण्याऐवजी सौजन्याने उद्याचा वायदा करणे, यात लोकमनाचा मिस्कील समंजसपणा दिसतो.

तो समंजसपणा मात्र नेहमी टिकत नाही. २०१२ च्या ऑगस्टात याच शहरात मोबाइलवरून अफवा पसरल्या आणि ईशान्य भारतातील हजारो मुलेमुली मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघून गेली; स्थानकावरची ती गर्दी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. २०१८ च्या मे महिन्यात मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा पसरली आणि राजस्थानातून कामाच्या शोधात आलेल्या एका तरुणाला बंगळुरातील जमावाने ठार केले. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, तशाच संशयावरून, भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना गावकऱ्यांनी मारले. त्यांचा अपराध एवढाच की त्यांना तेथे कोणी ओळखत नव्हते. तळे नव्हते, वेस नव्हती, पोथी पाहणाराही नव्हता. पण किंमत मात्र पुन्हा बाहेरून आलेल्यानेच दिली.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला; कर्नाटकानेही २०१७ साली तशा स्वरूपाचा कायदा संमत केला. हे कायदे आवश्यकच आहेत. परंतु दारावर रात्री थाप पडली असता जे मनात उठते, त्याला कायदा पुरत नाही. दारापलीकडे कोण आहे, हे ठाऊक असण्याचाच तेथे उपयोग होतो.

आपण मराठी माणसे या गावात आलो तेव्हा आपण येथली सून होतो. भाषा येत नव्हती, रीत ठाऊक नव्हती. भाजीवालीशी बोलताना हातवारे करावे लागत. शेजाऱ्यांना आपले वावडे नसले तरी थोडा संशय होता, आणि आपल्यालाही त्यांचा होता. तो संशय कोणत्याही भाषणाने गेला नाही. हळदीकुंकवाला अज्जी आल्या, उगादीला त्यांच्याकडचा कडुनिंब आणि गूळ आपल्या ताटात आला, गणपतीच्या वर्गणीत त्यांचे नाव लागले. असा तो पन्नास वर्षांत हळूहळू गेला. मंडळाच्या कामाचा हिशेब करताना ही गोष्ट जमेच्या बाजूस प्रथम लिहावी, असे आम्हांस वाटते.

पण चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. पन्नास वर्षांत आपण आता सुनेची सासू झालो आहोत. येलहंक्यात रोज नवी माणसे येत आहेत. ओडिशाचा सुतार, नेपाळचा पहारेकरी, आसामची परिचारिका यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत आणि त्यांची भाषा कळत नाही. उद्या एखादी अफवा आपल्या इमारतीच्या दारापर्यंत आली, तर पोथी उघडून कोणाचे नाव काढायचे, हे ठरविण्याच्या जागी आता आपण बसलेले असू.

त्या दिवशी अज्जी म्हणाल्या होत्या की, आपल्या कहाणीचा शेवट कोणी तरी बदललेला दिसतो. आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. तो बदलणारी बहुधा कहाणी वाचणारी एखादी बाईच असावी. स्वतः कोणाची तरी सून असलेली आणि तळ्यात गेलेले मूल परत आल्यावाचून कहाणी संपवायला तयार नसलेली. येत्या सप्तमीला कहाणी वाचून झाल्यावर मुलांना हे अवश्य सांगावे, आणि त्याच दिवशी जमल्यास आपल्या इमारतीच्या पहारेकऱ्याला त्याचे नाव व गाव विचारावे.